भुजंगशेठच्या वाड्यातला तुरुंग

दिवाणजी पारावर उभे राहून घसा फोडत होते आणि सगळा बाजार तोंडाला पदर लावून हसत होता!

हसणार नाही तर काय करणार? भुजंगशेठ लाकूडवाल्यानं राजाच्या राखीव वनातलं चंदन पार आडवं केलं. एक झाड ठेवलं नाही मेल्यानं! गुन्हा शाबीत झाला. तीन वर्षं किल्ल्याच्या तळघरात, अशी शिक्षाही ठरली. मग शेठ आणि दिवाणजी दार लावून बोलत बसले, आणि दार उघडलं तेव्हा निवाडाच पालटला होता. शेठनं गुन्हा कबूल केला, म्हणून कैद एकच वर्ष. तीही कुठं? त्याच्याच वाड्यात!

"अहो, कबुली दिली त्यानं!" दिवाणजी ओरडले. "कबुलीला काही मोल आहे की नाही?"

"माझ्या नवऱ्यानंही दिली होती की!" गर्दीतून आवाज आला. "त्याला कुठला वाडा दिलात?"

ती हौसा बुरडीण होती. तिचा नवरा येसू त्याच वनातून टोपल्यांसाठी चार बांबू तोडताना सापडला होता. बांबू खांद्यावरच होते, नाही कशाला म्हणेल बिचारा? कबूल केलं, दरबारात दोन शब्द बोलायला गेला, तर दिवाणजी म्हणाले, कैद्याचं कोणी ऐकत नसतं! आणि सरळ तळघरात गेला. तिथं भिंती पाझरत होत्या, आणि येसूचा खोकला आता वरच्या रस्त्यावर ऐकू यायचा.

"गप्प बस!" दिवाणजी म्हणाले. "वाड्यातली कैद ही कैदच! राजाचा शब्द आहे, शेठचा वाडा आजपासून तुरुंग!"

"असं होय! मग तुरुंगात आज सकाळी पुरणाचा वास कशाचा येत होता?"

बाजार खो खो हसला. पाराशेजारी पालखीत बसलेले राजे रणधवल मात्र लालबुंद झाले. निवाड्यावर त्यांची मोहोर होती, आणि एकदा उठवलेली मोहोर ते मेले तरी पुसत नसत.

"फार जीभ चालते का गं तुझी?" राजे गरजले. "मग तीच चालव! उद्या याच पारावर उभी राहा आणि हा निवाडा योग्य कसा ते प्रजेला पटवून दे. प्रजेतल्या एकानंही हरकत घेतली, तर तुझा नवरा तीन वर्षं तळघरात. कोणीच घेतली नाही, तर सोडला त्याला!"

दिवाणजी मिशीत हसले. जे त्यांना जमलं नाही, ते ही टोपल्या विणणारी करणार?

हौसा घरी आली. चुलीपुढं बसून तिनं दिवाणजींना पोटभर शिव्या घातल्या. मग एकदम थांबली. उद्या मंगळवार! आणि मंगळवारी कैद्याच्या घरच्यांनी तुरुंगाच्या अंगणात जाऊन त्याच्याबरोबर भाकरी खायची, ही तर त्या राज्याची जुनी रीत. ती उठली आणि कैद्यांच्या बायकांकडं घरोघर फिरून आली.

दुसऱ्या दिवशी पारावर चढून तिनं राजाला मुजरा केला.

"बायांनो, बाप्यांनो, दिवाणजींचा निवाडा सोन्यासारखा आहे! मीच अडाणी, मला कळला नाही. आपल्या किल्ल्याचं तळघर गळतं, माणसं दाटीवाटीनं पडतात. आणि महाराजांनी नवा तुरुंग केलाय केवढा! दुमजली, हवेशीर, विहिरीचं गोडं पाणी! आता एवढ्या मोठ्या तुरुंगात एकच कैदी ठेवून महाराज जागा वाया घालवतील का? आपली सगळी माणसं तिथंच जाणार! आज मंगळवार. उचला भाकऱ्या, चला नव्या तुरुंगाच्या अंगणात! आहे कोणाची हरकत?"

"नाही!" सगळा बाजार गरजला. काल हसणारे आज टाळ्या पिटत होते.

निघाली वरात! पुढं हौसा, मागं भाकऱ्यांची गाठोडी, काखेतली पोरं, कोणाची तरी शेळी, आणि सगळ्यात मागं राजाची पालखी. वाड्याच्या अंगणात चुली मांडल्या गेल्या. एका म्हातारीनं शेठच्या झोपाळ्यावर ठाण मांडलं. "बरा आहे हो तुरुंग!" ती म्हणाली.

भुजंगशेठ रेशमी धोतर सावरत धावत आला.

"बाहेर व्हा! तुमच्या बापाचा तुरुंग आहे का? माझं घर आहे हे! माझी हरकत आहे, हरकत!"

दिवाणजींनी ते शब्द वरच्यावर झेलले. "ऐकलंत महाराज? एकानं हरकत घेतली! हरली ही बाई!"

बायका हौसाच्या तोंडाकडं बघू लागल्या. तिनं पदर खोचला.

"दिवाणजी, माझा येसू दरबारात बोलायला गेला तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, कैद्याचं कोणी ऐकत नसतं म्हणून? मग शेठ कैदी असेल तर त्याची हरकत कसली ऐकता? आणि कैदी नसेल, तर महाराजांनी दिलेली शिक्षा कोण भोगतंय, तुम्ही?"

राजे पालखीतून खाली उतरले.

"भुजंगशेठ, तूच सांग. हे घर की तुरुंग? तुरुंग असेल तर तळघर आत्ता रिकामं करतो आणि सगळे कैदी इथं आणतो. घर असेल, तर तुझी कैद अजून सुरूच झालेली नाही."

शेठनं झोपाळ्याकडं पाहिलं. शेळीनं त्याच्या गादीची झालर अर्धी फस्त केली होती.

"घर!" तो रडवेला होऊन म्हणाला. "घरच आहे, महाराज!"

"मग चल तळघरात! आणि दिवाणजी, तुम्हीही. बोलणी करायला सोबत नको का त्याला?"

राजे हसता हसता झोपाळ्याला टेकले. "आणि काय गं हौसा, हा तुरुंग म्हणाला असता तर?"

"तर काय, महाराज! येसूला शेठच्या पलंगावर झोपवला असता आणि पायथ्याशी पाय चेपत बसले असते!"

राजांना हसू आवरेना. त्यांनी तिथल्या तिथं येसूला सोडायचा हुकूम दिला, बुरडांना राजवनातला बांबू कायमचा मोकळा केला आणि गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून हौसाच्या ओंजळीत टाकला!