मळ नसलेल्या राज्यात साबणाचा कारखाना

"धवलपूर संस्थानात मळ नसतो!" हा नियम महाराजांच्या पणजोबांनी केला होता. का, ते विचारायचं नाही. 'मळ' हा शब्दही उच्चारायचा नाही. उच्चारला की हद्दपारी!

मग कपडे धुवायचे कसे? वडीलधाऱ्यांनी त्यावर तोड काढली होती. राजवाड्यातले कपडे धुवायला जात नसत, 'हवा खायला' जात. भिकोबा परीट ते नदीवर न्यायचा, पापडखारात उकळायचा, दगडावर आपटायचा आणि पांढरेशुभ्र करून परत आणायचा. सगळे म्हणायचे, "वा! काय हवा आहे आपल्या नदीवर!" खाराने भिकोबाचे हात मात्र इतके फाटले होते, की भाकरी मोडतानाही त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

ते पाणी बघवेना, म्हणून त्याची लेक हौसा एक दिवस थेट दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, मला साबणाचा छोटा कारखाना काढायचाय. पापडखार आणि चुनकळीचं पाणी करंजाच्या तेलात घोटायचं, साच्यात ओतायचं, तारेने वड्या कापायच्या. खार तेलात जिरतो, हाताला चावत नाही. घरी वड्यांचा एक घाणा काढून पाहिलाय. आता दोन मोठ्या कढया, वड्या सुकवायला मांडव आणि पाणवठ्याच्या खालच्या अंगाला जागा हवी. म्हणजे आमचं फेसाचं पाणी कोणाच्या पिण्यात येणार नाही."

दिवाण त्रिंबकपंतांनी तोंडातला विडा या गालातून त्या गालात नेला.

"साबण कशासाठी गं?"

"कपड्यांसाठी."

"आणि कपड्यांना काय झालंय?"

हौसाने तोंड उघडलं. खांबाआड उभ्या भिकोबाने हात जोडले. हौसाने तोंड मिटलं.

"पाहिलंत महाराज? गरज सांगता येत नाही आणि म्हणे कारखाना!" पंत म्हणाले. "ठीक आहे. दसऱ्याच्या दरबारापर्यंत गरज सिद्ध कर. पण तो शब्द काढायचा नाही. आणि तसला एकही कपडा इथं आणायचा नाही."

"कसला?"

"तसला!"

"तसला म्हणजे कसला, पंत?"

पंत लालबुंद झाले. "कसला ते तुला चांगलं ठाऊक आहे! नाही जमलं, तर बाप-लेक दोघंही हद्दीबाहेर!"

घरी येताच भिकोबाने कपाळाला हात लावला. "बये, मोठ्यांच्या नियमाला 'का' म्हणू नये, हे किती वेळा सांगितलं तुला?"

"मी कुठं 'का' म्हणतेय, आबा? मी तर नियम पाळणार आहे. शब्दन् शब्द!"

दुसऱ्या दिवसापासून तिने तेच केलं. राजवाड्याची गाठोडी गाढवावर लादून नदीवर न्यायची, कपडे काठावर पसरायचे, वाऱ्यावर ठेवायचे आणि संध्याकाळी सुरेख घड्या घालून परत पाठवायचे. पाण्याचा थेंबही नाही!

पंतांचा कारकून धावत आला. "हौसा, अगं, कपडे नीट... म्हणजे... पूर्वीसारखे होत नाहीत!"

"असं? हवा कमी पडली असेल. उद्या जास्त खाऊ घालते."

कारकून घुटमळला. तक्रार करावी तर तो शब्द काढावा लागणार! निमूट परत गेला.

पेट्यांमधले ठेवणीतले कपडे संपले आणि दसरा उजाडला. आश्विनातलं ऊन मी म्हणत होतं. दरबार भरला. सेनापतींच्या अंगरख्यावर मटणाचा रस्सा सुकला होता. राजपंडितांच्या उपरण्याची कड तपकिरीने तपकिरी झाली होती. पंतांची कॉलर डोक्याच्या तेलाने चकाकत होती आणि छातीवर विड्याची नक्षी उमटली होती. सगळे छताकडे बघत होते आणि हळूच खाजवत होते.

महाराजांनी नाकाला रुमाल लावला, घाईघाईने काढला आणि लांब धरला.

"पंत, हा वास कसला?"

"वैभवाचा, महाराज!"

"मग वैभवाला खाज कशाने सुटते?" महाराज काख खाजवत ओरडले. "हौसा! तू कपड्यांचं काय केलंस?"

"हुकमाप्रमाणे हवा खाऊ घातली, महाराज. दुसरं काय करणार? त्यांना काही झालेलंच नसतं ना!"

"आणि कारखान्याची गरज? ती सिद्ध करणार होतीस."

"झाली की! तो शब्द मी काढला नाही. तसला एकही कपडा मी आणला नाही." हौसाने दरबारावरून नजर फिरवली. "आपण सगळे आपापला घालून आलात!"

महाराजांनी स्वतःच्या अंगरख्याकडे पाहिलं. मग असे हसले, की सिंहासन हललं. "म्हणजे पणजोबांच्या राज्यात मळ होता तर! आणि आपण सगळे त्यातच बसलोय!"

शब्द उच्चारला गेला होता. आता हद्दपार कोणाला करायचं?

"पोरी, कढया दिल्या, मांडव दिला, जागाही दिली!" महाराज डोळे पुसत म्हणाले.

पंत लगबगीने पुढे झाले. "उत्तम, महाराज! कारखान्यावर वडीलधाऱ्यांचं देखरेख मंडळ नेमू. अध्यक्षपद मी सांभाळीन. मुलीनं आपली कढई ढवळावी."

सगळी पिकली डोकी डोलली. "मोठ्यांचं ऐकावं, पोरी!"

"नाही," हौसा म्हणाली.

"का गं?" महाराजांनी विचारलं. त्या दरबारात 'का' पहिल्यांदाच ऐकू आला.

"महाराज, साबण पिकला की नाही, हे आम्ही जिभेला लावून पाहतो. खार कच्चा राहिला असेल, तर जीभ सोलून निघते. देखरेख करायची म्हणजे प्रत्येक घाण्याला हे करावं लागतं." तिने कनवटीची वडी काढून पंतांच्या तोंडासमोर धरली. "ज्या जिभेला दोन अक्षरं सोसत नाहीत, ती मला माझ्या कढईपाशी नको. सोसत असेल, तर करा सुरुवात. आ करा, पंत!"

पंतांचं अर्धवट उघडलेलं तोंड मिटलं. मग त्यांच्या मागे, रांगेने, एकेक तोंड मिटत गेलं.