कड्यासमोरचं झाड

माणसांनी पहिला ढोल मढवला, त्याच्याही आधीची ही गोष्ट. एका दरीच्या काठी, पोकळ ऐनाच्या झाडावर एक म्हातारा सुतारपक्षी राहायचा. सगळं रान त्याला सुतारबुवा म्हणायचं. बुवा गाण्या-वाजवण्याच्या कुठल्या मेळ्यात नव्हते. एका वेळी एकच शिष्य घ्यायचे आणि त्याला ठेका शिकवायचे.

यंदा दुडक्या ससा शिकायला आला होता. त्याचे मागचे पाय असे दणकट, की बुंध्यावर आपटले की वरची पानं गळायची. पण ठेक्यात जिथे पाय उचलून गप्प राहायचं, त्या खालीच्या मात्रेवरही हा गडी धपकन वाजवायचाच.

"थांबलो की ताल सुटेल, अशी भीती वाटते हो, बुवा."

"मग उद्यापासून येऊ नकोस," बुवा म्हणाले. "ज्याला ठेक्यात रिकामी जागा सोडवत नाही, त्याला मी काय शिकवणार?"

दुडक्यानं पुन्हा ठेका धरला. खालीची मात्रा आली तसे डोळे गच्च मिटले आणि पाय हवेतच रोखला.

त्या रिकाम्या जागेत समोरचा कडा वाजला. दुडक्याचाच ठोका दरी ओलांडून परत आला होता, पण केवढा होऊन! झाड थरारलं. पुढच्या आवर्तनात कडा पुन्हा नेमका तिथेच वाजला.

"बुवा," दुडक्या कुजबुजला, "हा कडा रोजच असा वाजत होता?"

"रोज. तुझी शिकवणी तोच घेतोय रे. मी फक्त तुला त्याच्यासमोर आणून बसवलं."