सुळे मोजणारा कळप

बाळांनो, ही गोष्ट हत्तींची आहे, तेव्हा जरा सरकून बसा, जागा पुष्कळ लागेल. मोठ्या नदीकाठच्या एका जंगलात हत्तिणींचा कळप हिंडत असे. त्यात आया होत्या, मावश्या होत्या, लेकी होत्या आणि सगळ्यांच्या पायांत घोटाळणारी पिल्लं होती. पुढे चालायची ती थोरली हत्तीण. पाणी कुठे मिळतं, बांबू कधी कोवळा असतो, कोणत्या वाटेला जायचं नाही, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. आपलंही चुकू शकतं, हे मात्र तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

या कळपाची एक रीत होती. मुलगे मोठे झाले की नदीपलीकडे नरांच्या रानात जात. आता मोठा झाला हे ठरवायचं कसं? वाटेवर एक मोहाचं झाड होतं आणि त्याच्या खोडावर एक जुनी खाच होती. खोडाला गाल लावून उभं राहायचं. सुळ्याचं टोक खाचेपर्यंत पोचलं की मुलगा मोठा झाला. मग आई त्याच्या पाठीवर सोंडेने माती उडवायची, मावश्या त्याच्या तोंडात कोवळा पाला कोंबायच्या आणि शेवटी सगळा कळप त्याच्याकडे पाठ करून उभा राहायचा. जाणाऱ्याचा पाय अडखळू नये म्हणून असं करत.

या कळपात दहा-अकरा पावसाळे पाहिलेलं एक पोर होतं. त्याला सुळे फुटले होते, म्हणून सगळे त्याला मुलगा म्हणत. मी मात्र तिला 'ती' म्हणणार आहे. का ते पुढे कळेलच, मध्ये मध्ये विचारू नका.

सुळे वाढू लागले तसा तिचा जीव थाऱ्यावर राहीना. पाण्यात उतरली की बाहेर यावंसं वाटे, बाहेर आली की पुन्हा पाण्यात. चारा तोंडाशी न्यायची आणि तसाच टाकून द्यायची. दुपारी सगळे सावलीत डुलक्या काढत, तेव्हा ही कळपाभोवती फेऱ्या मारायची. कधी ओढ्यातल्या खडकावर सुळे घासत बसायची. ते मुळापर्यंत ठणकत, पण झिजायचं नाव घेत नसत.

एकदा आईने खोदून खोदून विचारलं, तशी ती म्हणाली, "आई, मी मुलगी आहे."

आई आधी हसली. लेकरू हसत नाही म्हटल्यावर घाबरली. दूर जायच्या धास्तीने डोक्यात काहीबाही येतं, सगळ्यांच्याच येतं, चार दिवसांत जाईल, असं तिने समजावलं आणि थोरलीच्या कानावर हे घालू नकोस म्हणून बजावलं. चार दिवस गेले, चार महिने गेले. जे जायचं होतं ते काही गेलं नाही.

तुम्ही म्हणाल, तिला पिल्लं सांभाळायला आवडत असेल. आवडायचं, पण ते तिच्या धाकट्या भावालाही आवडायचं आणि तो मुलगाच होता. तुम्ही म्हणाल, नरांच्या टकरींना भीत असेल. छे, टक्कर द्यावी तर तिनेच. आवडीनिवडीचा यात काही संबंध नव्हता. कुणी "आपला मुलगा" म्हटलं की हे दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारताहेत असं वाटून ती मागे वळून बघायची. मागे कुणीच नसायचं. मग तिला फार एकटं वाटायचं.

शेवटी तो दिवस आलाच. तिने मोहाच्या खोडाला गाल लावला आणि सुळा खाचेला टेकला. मावश्यांना कोण आनंद झाला. पाठीवर माती पडली, तोंडात पाला आला. तिने तोंड उघडलं होतं ते बोलायला, पण भरल्या तोंडाने काय बोलणार? तेवढ्यात सगळ्यांनी पाठ फिरवली. आईने सर्वांत शेवटी फिरवली. लेक नदीत उतरली आणि पलीकडे निघून गेली.

नरांनी तिला वाईट वागवलं असं मुळीच नाही. आल्या आल्या दोघा तरण्यांनी तिला टकरीला बोलावलं, तिने दोघांनाही चिखलात लोळवलं. सगळे म्हणाले, गडी तयारीचा आहे. त्या कौतुकाने ती इतकी खचली की तिला एका जागी उभं राहवेना. आठ दिवस ती काठाने येरझारा घालत होती. तिथल्या गवताची पार माती झाली.

तिथे एक म्हातारा टस्कर होता. त्याचा एक सुळा कधीचाच मोडला होता. त्याने विचारलं, भीती वाटते का? ती नाही म्हणाली. आईची आठवण येते का? येते, पण दुखणं ते नाही, असं ती म्हणाली. आणि मग जे आईला सांगितलं होतं ते तिने त्यालाही सांगितलं. म्हातारा हसला नाही.

"मला कुणी पाठवलं नव्हतं," तो म्हणाला. "खाचेला सुळा लागायच्या आधीच मी तीनदा पळून आलो होतो. मुलग्यांना इकडची ओढच लागते. तुला कुणी बोलावलं इकडे?"

"कुणीच नाही. सुळे वाढले म्हणून धाडलं."

"मग जाऊन सांग त्यांना. मी सोबत येणार नाही. मी आलो तर त्या माझं ऐकतील, तुझं ऐकायचं राहून जाईल."

ती नदी ओलांडून परत आली. उन्हाळा टिपेला होता. ओढा आटला होता आणि कळप ओढ्याच्या वाळूत उभा होता. तिची चाहूल लागताच एकेक करून सगळ्यांनी पाठ फिरवली. गेलेला परत आला तर त्याच्याकडे बघायचं नाही, हीही रीतच. थोरली मान न वळवता म्हणाली, "मागे फिर, बाळा. मुलगे परत येत नसतात."

हे बोलून उपयोग झाला नाही तर आपल्याला ना हा काठ उरेल ना तो, हे पोरीला पक्कं ठाऊक होतं. पण न बोलता चार महिने काढून तिने पाहिलेच होते.

"मुलगे येत नसतील," ती म्हणाली. "मी मुलगा नाही. मी तुमची लेक आहे, आधीपासूनच आहे. तुम्ही सुळे मोजलेत, मला विचारलं नाहीत. आता घालवायचंच असेल तर माझ्याकडे बघून घालवा."

मग पाठींच्या त्या रांगेतून एक पाठ वळली. ती आईची होती. आई म्हणाली, "तिने मला आधीच सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही." आणि ती चालत येऊन लेकीला खेटून उभी राहिली.

तेव्हा कुठे थोरली वळली. तिने त्या पोरीकडे, तिच्या सुळ्यांकडे आणि पुन्हा तिच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. एवढी सगळी पोरं आपण त्या झाडाला उभी केली आणि एकालाही काही विचारलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं. म्हाताऱ्या माणसांना चूक कबूल करणं जड जातं आणि हत्तीण तर फारच जड. पण ती म्हणाली, "माझं चुकलं, पोरी."

"आणि या सुळ्यांचं काय करू?" तिने विचारलं.

"काय करायचंय? तुझे आहेत," थोरली म्हणाली. "पिल्लं तहानली आहेत. तुझ्या बहिणी सकाळपासून नुसत्या पायांनी वाळू उकरताहेत. जा, त्यांना हातभार लाव."

बहिणींनी सरकून तिला जागा करून दिली. तिने सुळे वाळूत खुपसले आणि उकरायला सुरुवात केली. कित्येक महिन्यांनी तिचे पाय एका जागी ठरले होते.

तात्पर्य : कुणाचे सुळे किती वाढले ते झाडाला लावून कळतं, पण ते पोर कोण आहे, हे त्यालाच विचारावं, आणि ते सांगू लागलं की पाठ फिरवू नये.