एका मापाची पेठ

खूप मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की ते राज्य कुठे होतं हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही.

त्या राज्याच्या राजधानीत एक लांबलचक पेठ होती. तिथे डोंगरापलीकडचे अत्तरवाले होते, दक्षिणेचे कोष्टी होते, समुद्रकाठच्या मासळीवाल्या होत्या, तांबट होते आणि कासारही होते. प्रत्येकाची बोली निराळी, देव निराळे आणि दुकानंही निराळी. एका उन्हाळ्यात पेठेला आग लागली आणि सगळं जळून गेलं.

राजाने परमुलखातून एक नावाजलेला स्थपती बोलावला. स्थपती म्हणजे इमारती आखणारा. राजा म्हणाला, "पेठ पुन्हा उभी कर. गजबजली, तर तिच्या कमानीवर तुझं नाव कोरीन. ओस पडली, तर सगळं पाडून तिथे घोड्यांच्या पागा बांधीन. दुकानदारांनी मग आपापल्या मुलखाची वाट धरावी."

स्थपती भला माणूस होता. आधी विचारायचं, मग बांधायचं, हा त्याचा नेम. तो एकेकाला गाठून विचारू लागला, "तुला दुकान कसं हवं?"

कोष्टी म्हणाला, "तांबटाला द्याल तसं." तांबट म्हणाला, "अत्तरवाल्यापेक्षा कमी नको." मासळीवाली म्हणाली, "त्यांना द्याल तेच आम्हालाही द्या बाबा. आम्ही तुमचं काय घोडं मारलंय?" कासाराने तर हातच जोडले. "शेजाऱ्यासारखंच द्या, मालक."

स्थपतीचा जीव भांड्यात पडला. इतक्या मुलखांचे लोक, आणि मागणं एकच! त्याने दोरी धरून सरळ रेघ आखली. सगळ्यांना छातीइतका उंच दगडी ओटा, सारख्याच कमानी, वर एकच अखंड छप्पर, आणि पेठेच्या तोंडाशी एक मोठी कमान.

पेठ उघडली. लोक आले, माना वर करकरून पाहिलं, वा वा म्हणाले आणि रिकाम्या हातांनी परत गेले. पुढे पुढे तर तिथे चिटपाखरूही फिरकेना.

स्थपतीला काही केल्या उमगेना. तो दुकानोदुकानी विचारत फिरला. ओटा कसा आहे? छान आहे. कमान? फारच सुरेख! मग गिऱ्हाईक का नाही? यावर जो तो छपराकडे पाही. छान आहे तर चालत का नाही, आणि चालत नाही तर छान कसं? बिचाऱ्याचं डोकं भणभणून गेलं. त्याने कमानींवर वेलबुट्टी कोरवली. तरी गिऱ्हाईक येईना. एकदा तर तो स्वतःच अत्तर घ्यायला निघाला आणि मासळीच्या ओट्यापुढे जाऊन उभा राहिला. नाकाने सांगेपर्यंत त्याला पत्ताच नव्हता.

अशातच त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. नवरीला हिरवा चुडा भरायला तो घरच्या बायकांसह कासाराकडे गेला.

बांगडी काही भाजीसारखी उचलून न्यायची नसते. कासार गिऱ्हाइकाचा हात हातात घेतो, दाबतो, बोटं जुळवतो आणि बांगडी अलगद वर सरकवतो. त्यासाठी दोघांनी समोरासमोर बसावं लागतं. इथे कासार ओट्यावर, आणि नवरी खाली टाचा उंचावून, हात वर करून उभी. तिचा हात निसटला आणि बांगडी वाढली. चुड्याची बांगडी फुटली असं म्हणू नये, वाढली म्हणावं. पण नाव बदलल्याने रक्त थांबत नाही. मनगटावर लाल थेंब आला, मुलीचे डोळे भरले. बापाच्या काळजात चर्र झालं.

"अरे, मी विचारायला आलो होतो ना!" तो कासारावर ओरडला. "ओटा नको, एवढं सांगायला काय झालं होतं?"

कासाराने मान खाली घातली. "मालक, जमिनीवर दुकान मागितलं असतं, तर लोक म्हणाले असते, कासाराची जागा खालचीच. म्हणून बोललो नाही. आता बरोबरी झाली, पण गिऱ्हाइकाचा हात पोचत नाही."

चूक कासाराची की आपली, हे स्थपतीला तेव्हाही धड कळेना. एवढंच कळलं, की आपण सगळ्यांना विचारलं, पण काम करताना कोणालाच पाहिलं नाही.

त्याने पहार मागवली आणि स्वतःच्या हातांनी तो ओटा फोडला. चटई अंथरून कासार नवरीपुढे बसला आणि चुडा भरला. त्यानंतर स्थपती रोज कुठल्या ना कुठल्या दुकानात नुसता बसून पाहू लागला. अत्तराला ऊन सोसत नाही, म्हणून तिथली कमान बुजवली. कोष्ट्याला उजेड हवा, म्हणून त्याच्यावरचं छप्पर उघडलं. "त्याला वेगळं का?" असं कोणी कुरकुरलं, की स्थपती त्याला त्याच दुकानात नेऊन बसवी.

राजा पाहणीला आला तेव्हा पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. तो खूश झाला, पण गोंधळलाही. "अरे, ही तर वेडीवाकडी दिसते! आणि तुझं नाव कोरायची ती मोठी कमान कुठे गेली?"

स्थपती ओशाळून हसला. "महाराज, तिच्याखाली गाड्या अडायच्या. उतरवली. तिचे दगड मासळीवाल्यांच्या मोरीला लागले."

म्हणून बाळांनो आणि थोरांनो, सगळ्यांना सारखा न्याय द्यायचा असेल, तर आधी प्रत्येकाला निरनिराळं पाहायला शिकावं.