सातगोंडानं कमावलेला दम

एका नदीकाठच्या गावात सातगोंडा नावाचा एक भोळा गडी होता. अंगानं रेड्यासारखा, पण सांगाल तेवढंच करणारा. तेवढंच म्हणजे अगदी तेवढंच.

दर श्रावणात नदी भरली की पलीकडच्या गावाशी होड्यांची शर्यत लागायची. सात वर्षं सातगोंडाचं गाव हरत होतं. निम्म्या वाटेतच सगळ्यांना धाप लागायची. तातोबा वस्तादांनी तर शपथच घेतली होती, जिंकल्याशिवाय डोक्याला फेटा बांधणार नाही. सात उन्हाळे म्हातारा उघड्या टकलानं हिंडला.

यंदा वस्तादांनी चैत्रातच बाराही गड्यांना कामाला लावलं. बाकीच्या अकरांचं सोडा, गोष्ट सातगोंडाची आहे. नदीत गुडघाभर पाणी होतं आणि होडी चिंचेखाली पालथी पडली होती.

"वल्हं चार महिन्यांनी," वस्ताद म्हणाले. "तवर दम कमवायचा. रोज माळावर दोन तास पळ. पण सावकाश. पळता पळता गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलता येईना झालं की समज, जास्त जोरात पळतोयस."

"गप्पा मारतो," सातगोंडा म्हणाला.

पहिल्याच दिवशी धनगराचं कुत्रं मागं लागलं. सातगोंडा सावकाशच पळत राहिला. वळून म्हणाला, "काय गा, जेवलास का?"

कुत्रं जेवलं नव्हतं. त्यानं पोटरी धरली.

वस्तादांनी जखमेत हळद भरली. "येड्या, कुणी मागं लागलं की बोलत बसायचं नाही. मागं बघायचं नाही. जीव घेऊन पळायचं."

"जीव घेऊन पळतो," सातगोंडा म्हणाला.

पुढच्या आठवड्यात त्याचे सासरे आले. सासुरवाडी पलीकडच्या काठाचीच. लेकीसाठी डोक्यावर आंब्यांची पाटी होती. माळावर जावई पळताना दिसला, म्हणून ते मागं निघाले. "अहो जावईबापू, थांबा की."

सातगोंडानं मागं बघितलं नाही. सासरे पळाले, तसा तो आणखी पळाला. तीन मैल आंबे सांडत गेले. शेवटी म्हातारे ओढ्याकाठी बसले आणि रिकामी पाटी घेऊन तसेच माघारी गेले. बायकोनं, पद्माक्कानं, दोन दिवस ताटात नुसती भाकरी वाढली आणि तिसऱ्या दिवशी ती वस्तादांच्या दारात जाऊन भांडली.

वस्तादांनी कपाळावर हात मारला. "अरे, ते पाव्हणे. पाव्हणे दिसले की आहे तिथं थांबायचं. हातातलं सोडायचं. हात जोडायचे, पाणी द्यायचं आणि म्हणायचं, तुम्ही पुढं व्हा."

"पुढं व्हा म्हणतो," सातगोंडा म्हणाला.

पण दम मात्र त्यानं कमावला, खोटं कशाला बोलू? श्रावणात नदी दुथडी भरली, तेव्हा वस्तादांनी त्यालाच सगळ्यांत पुढं बसवलं. मागच्या अकरांना बजावलं, "पुढचा करेल तसंच करायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

शर्यत सुटली. निम्मी वाट सरली तरी आपल्या होडीत कुणाला धाप नाही. सातगोंडा वल्हं मारता मारता पिकापाण्याच्या गप्पा मारत होता. निशाण वीस हातांवर आलं. काठावर वस्तादांनी डोळे पुसले, काखेतला फेटा काढला आणि डोक्याला पहिला वेढा घेतला.

एवढ्यात पलीकडची होडी शेजारी आली. तिच्यात पुढंच बसला होता सातगोंडाचा थोरला मेहुणा.

सातगोंडा थांबला. वल्हं सोडलं, हात जोडले. मागच्या अकरांनी वल्ही सोडली, हात जोडले. सातगोंडानं ओंजळभर नदीचं पाणी पुढं केलं. अकरांनीही केलं.

"तुम्ही पुढं व्हा," बाराजण म्हणाले.

पाव्हणे पुढं झाले.

वस्ताद काठाकाठानं धावत सुटले. फेटा मागं चिखलात लोळत होता. होडी वाहत वाहत काठाला लागली, तिथं ते पोचले. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

सातगोंडाला त्यांची फार काळजी वाटली. त्यानं त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

"वस्ताद," तो म्हणाला, "बोलता येईना झालं, म्हणजे तुम्ही जास्त जोरात पळालात. सावकाश पळावं."