दारावरची जुनी मालकीण

त्या राज्याला आकाश नव्हतं, काच होती. काच उजळली की सगळे कामाला लागत, विझली की जागच्या जागी थांबत. राज्यात मुंग्या राहत आणि त्यांच्या पिवळ्या कोठड्या होत्या. कोठडीत कोठडी, तिच्यात आणखी कोठडी, किती आत जावं त्याला सुमार नाही. कुणी त्यात साखर ठेवी, कुणी आठवणी, कुणी नुसताच पसारा. कोपऱ्यात एक टोपली होती. नको असलेलं तिच्यात जाई, आणि टोपली रिकामी झाल्यावर ते कुठं जातं हे विचारायची पद्धत नव्हती.

या राज्यात चेहऱ्याला किंमत नव्हती आणि नावालाही नव्हती. एका नावाच्या छप्पन्न जणी निघत. ओळख होती ती वासाची. राज्य वसलं तेव्हा वेशीवर प्रत्येकीच्या अंगाला एक वास चोळला होता, एकीचा दुसरीसारखा नाही. तोच वास तिच्या दाराला, तोच दाराशी बसलेल्या भुंगेऱ्याच्या नाकात. वास जुळला की दार उघडे. नाही जुळला तर साक्षात राणी का असेना, हात हलवत परत.

इथं तांबरी नावाची एक मुंगी होती. कामाला वाघ, पण स्वभाव असा की कडी घातली तरी तीनदा ओढून बघणार. धाकटी बहीण पिंगळी तिला हसायची. म्हणायची, "ताई, तुझ्याकडे चोर शिरला ना, तर बिचारा बाहेर कसं पडायचं या काळजीनंच मरेल."

मग एके दिवशी काच लुकलुकायला लागली. जाणत्या मुंग्या कुजबुजू लागल्या, की आता या राज्याचं काही खरं नाही. पिंगळीनं आपल्या दोन लेकी, कणी आणि भुकटी, तांबरीच्या ओटीत घातल्या आणि ती कामावर परत गेली. तांबरीनं पोरींना सर्वांत आतल्या कोठडीत ठेवलं, चार दिवसांची साखर ठेवली आणि असलं नसलं प्रत्येक कुलूप त्याच दाराला लावलं. दाराशी केरबा नावाचा म्हातारा भुंगेरा होता. कामावर निघताना तिनं त्याला बजावलं, "केरबा, माझ्याशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही. कुणी रडलं, भेकलं, माझं नाव सांगितलं, तरी नाही."

"निर्धास्त जावा, बाई," केरबा म्हणाला. तो शब्दाचा पक्का होता, आणि पुढे तेच नडलं.

दुसऱ्या दिवशी काच निळी पडली. तिच्यावर कुणालाच न कळणारी पांढरी अक्षरं उमटली आणि सगळं काळं झालं. त्या अंधारात वेशीकडची वस्ती पार धुऊन गेली. पिंगळी तिकडेच होती. तांबरी एका फटीत अडकून पडली म्हणून वाचली.

चौथ्या दिवशी काच पुन्हा उजळली. तिच्यावर आता हिरव्या टेकडीचं नवंकोरं चित्र होतं. राज्य नव्यानं वसल्याची दवंडी पिटली गेली आणि वाचलेल्या मुंग्या वेशीवर रांगेत उभ्या राहिल्या. नवं राज्य, म्हणून नवा वास.

"नाव?"

"तांबरी."

"तेच ठेवायचं?"

"तेच ठेवा. त्यात काय वाईट आहे?"

तिच्या अंगावरून जुना वास धुऊन निघाला आणि लिंबासारखा टवटवीत नवा वास चढला. तिला बरंही वाटलं. नाव तेच आहे म्हणजे आपणही त्याच आहोत, असं ती धरून चालली. सगळ्याच जणी तसं धरून चालल्या होत्या.

आतल्या पिवळ्या कोठड्यांना धक्काही लागला नव्हता. तांबरी धावत सुटली. केरबा आपल्या जागी होता. त्याला पाहून तिला रडूच कोसळलं.

"केरबा, उघड बाबा! पोरी बऱ्या आहेत ना?"

केरबानं तिला हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि तो दारात आडवा झाला. "परवानगी नाही."

"अरे, मी तांबरी! ओळखलं नाहीस?"

"ओळखलं की. तोंडवळा तोच, आवाज तोच. पण आमच्या बाई बोलून गेल्यात, कुणी माझं नाव सांगितलं तरी सोडू नको म्हणून."

"ते मीच बोलले होते रे!"

"असंल. पण वास तो नाही."

दाराआडून भुकटीचं मुसमुसणं ऐकू येत होतं, आणि तिला समजावणारी कणी. "रडू नको गं. मावशी येतेय ना." तांबरीनं दारावर डोकं आपटलं. मावशी आली होती, दारात उभी होती, आणि आत बसलेल्या पोरींना त्याचा पत्ता नव्हता. ती हाका मारत राहिली, पण दार जाड होतं. आतलं बाहेर येत होतं, बाहेरचं आत जात नव्हतं. तेही तिनंच मागून घेतलेलं.

पाचव्या दिवशी ती धुऊन गेलेल्या वस्तीत गेली आणि जुन्या मातीत लोळली. अंग सोलवटून निघालं, पण केरबा म्हणाला, "मातीचा वास येतोय, बाईंचा नाही." सहाव्या दिवशी तिला एक झुरळ भेटलं. अंग तेलकट, बोलणं त्याहून तेलकट. कुठलंही कुलूप चुटकीसरशी उघडतो म्हणालं, फक्त बाहेरच्या बिनकुलपी कोठड्या मला मोकळ्या करून दे. बुडत्याला काडीचा आधार. तिनं दिल्या. झुरळानं तिथली साखर फस्त केली, भिंतींवर घाण केली, आणि आतल्या कोठडीपाशी येऊन केरबाकडे नुसतं बघितलं, मिशा हलवल्या आणि पोबारा केला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आता तिच्याकडे साखरेचा एकच दाणा उरला होता.

सातव्या दिवशी आतलं रडणं थांबलं. रडणं ऐकून जीव तुटायचा, पण ते ऐकू न येणं त्याहून वाईट होतं. सोलवटल्या अंगानं खुरडत ती राज्याचा कारभार पाहणाऱ्या प्रशासकाच्या कचेरीत पोचली. तिथं एक रिकामी खुर्ची होती आणि शेजारी एक गोगलगाय. काहीही विचारलं की गोगलगाय आधी शंखात जाई, शंख गोल गोल फिरत राही, आणि मग कधीतरी उत्तर बाहेर येई.

"प्रशासक कुठं आहेत?" तांबरीनं विचारलं.

शंख फिरला, फिरला, थांबला. "घरगुती राज्य हे. इथं ज्याचं घर तोच प्रशासक. बसा खुर्चीत."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"आधी कुणी विचारलं नाही."

तांबरी खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मी हुकूम देते, ते दार उघडा."

"दुसरीचं दार प्रशासकालाही उघडता येत नाही. मालकी मात्र घेता येते. दारावर जिचा वास आहे ती हयात नाही, असं लिहून द्या."

"अहो, पण ती मीच आहे!"

"मग जा आणि उघडा," गोगलगाय शांतपणे म्हणाली.

तांबरीनं लिहून दिलं. तांबरी मेली, कोठडी बेवारस झाली, आता ती माझी.

"नक्की?"

"नक्की."

"अगदी नक्की?"

"अहो, पोरी मरतील तिकडे!"

शंख फिरला. "आत जे कोणी आहेत त्यांच्या अंगावरचा वासही बदलायचा का? बदलला तर त्या तुम्हाला आपल्या म्हणून ओळखतील."

तांबरी अडखळली. त्या दोघींच्या अंगावर पिंगळीनं जन्मताच चोळलेला वास होता. साऱ्या राज्यात पिंगळीचं एवढंच उरलं होतं. ते आपल्या हातांनी पुसायचं? तिचं मन होईना. "नको," ती म्हणाली. "त्यांचा त्यांना राहू दे."

"जशी मर्जी. एक लक्षात ठेवा. जुनी मालकीण जिवंत आहे, असं तुमच्या तोंडून एकदा जरी निघालं, तरी मालकी रद्द. दार बंद होईल आणि पुन्हा उघडणार नाही."

ती दाराशी पोचली तेव्हा हुकूम तिच्या आधी पोचला होता. केरबा उठून बाजूला झाला. त्याचे डोळे भरून आले होते. "बाई गेल्या म्हणं," तो म्हणाला. "आन् मी येडा वाट बघत बसलो. लई जीव होता त्यांचा या पोरींवर." मग त्यानं दारावरचा जुना वास खरवडून काढला, आणि एकामागून एक कुलपं गळून पडली.

पोरी जिवंत होत्या. अंगात त्राण नव्हतं, पण जिवंत होत्या. भिंतीला टेकून बसलेल्या. तांबरी धावली तशी कणीनं तिला हुंगलं आणि भुकटीला आपल्या मागे ओढलं.

"तुम्ही कोण?"

तांबरीनं तोंड उघडलं. मागे केरबा मिशा ताठ करून ऐकत होता. दाराच्या कड्या हलल्यासारख्या वाटल्या.

"नवी मालकीण," ती म्हणाली.

"आमची मावशी?"

तांबरीनं दाराच्या कड्यांकडे बघितलं. केरबाच पुढे झाला. "मावशी वारली, पोरी."

तांबरीनं शेवटचा दाणा पुढे केला, तशी भुकटी त्याच्यावर झडप घालणार तोच कणीनं तिचा हात धरला. तिनं दाण्याचा एक तुकडा मोडला आणि जमिनीवर वेगळा ठेवला.

"आधी मावशीचा घास," ती बहिणीला म्हणाली. "तो कुणी परक्यानं उचलल्याशिवाय मावशीला पोचत नाही. आणि तो पोचल्याशिवाय आपण जेवायचं नाही."

भुकटी भुकेनं थरथरत होती, तरी तिनं मान हलवली. दोघी वाट पाहत बसल्या. थोड्या वेळानं कणीनं मान वर करून तांबरीकडे बघितलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "बाई, तुम्ही परक्याच आहात ना? तुम्ही उचलता?"

तांबरी खाली वाकली. आपल्या नावाचा घास तिनं उचलून तोंडात घातला. मग पोरी जेवायला बसल्या.