पेंढ्याच्या रेडकाची कहाणी

कहाणी बायकांनी सांगायची. पण सांगणारी सुशीलावहिनी माहेरी गेली आणि तुम्ही मला धरून पाटावर बसवलंत. माझी शाळा दुसरीपर्यंत. चुकलं तर चुकलं, मधे बोलायचं नाही. हातात तांदूळ घ्या आणि ऐका.

आटपाट नगर होतं ते राजाचं. आपल्याला वेशीबाहेरच्या गवळवाड्यात जायचंय. तिथं येसू नावाची गवळण होती. नवरा गेलेला, पोटी पोर नाही. सासू होती, जाऊ होती, गोठ्यात एक थोरली म्हैस होती आणि एक मोरी नावाची. मोरीला रेडकू झालं. नर. सासू म्हणाली, त्याचा उपयोग काय? तिनं त्याला सडाला लागू दिलं नाही. मग ते वाळलं, मग मेलं. मग त्याच्या कातड्यात पेंढा भरला, टाके घातले, मोरीपुढं उभं केलं. मोरी त्याला चाटी, पान्हा सोडी, येसू दूध काढी.

एके दिवशी चाटता चाटता टाका उसवला. पेंढा बाहेर आला. मोरीनं तो हुंगला, चार काड्या खाल्ल्या आणि परत चाटायला लागली. येसूचा हात सडावर थांबला. चरवी तिथंच ठेवून ती उठली.

"आत्याबाई, मी आता दूध काढणार नाही, पिणार नाही."

"मग कुंभाराकडं जा नांदायला," सासू म्हणाली. "मडकी चाट."

येसू देवळात गेली. पायरीवर एक म्हातारी वाती वळत बसली होती. येसू म्हणाली, "बाई, मला वसा सांग." म्हातारी म्हणाली, "दारात तांदळाच्या पिठाची रेघ काढ. दुसऱ्याच्या तोंडचं काही रेघेच्या आत घेऊ नकोस. उतू नकोस, मातू नकोस."

येसूनं रेघ काढली. मग दूध, दही, तूप सोडलं. सासूनं तिची चूल वेगळी मांडली. मग मध सोडला, माश्यांचा म्हणून. वहाणा सोडल्या, चामड्याच्या म्हणून. जावेला म्हणाली, तुझ्या पायात वहाणा आहेत, आत येऊ नकोस. जाऊ यायची थांबली. मग धान्य सोडलं, बैलांनी नांगरलेलं म्हणून. रानाच्या कडेला खोपीत राहायला गेली. खोपीच्या दारात रेघ काढी, पडलेली उंबरं वेचून खाई. एक उंबर फोडलं तर आत चिलटं. तेही टाकलं.

मग खोपीत उरली येसू आणि दारात रेघ. जेवलीस का म्हणून विचारायला कुणी नाही. आपला आवाज तरी ऐकू यावा म्हणून ती मोरीला हाक मारी. मोरी लांब गोठ्यात. ओ कोण देणार?

एका संध्याकाळी जाऊ धापा टाकत आली. खांद्यावर ओलं रेडकू. "येसे, थोरली म्हैस विताना मेली. हे मागं राहिलं. मोरी याला लाथा मारते, तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. आत्याबाई म्हणतात, नर आहे, जाऊ दे."

"मी गोठ्याला शिवत नाही. माझा वसा आहे."

"मग वशालाच विचार, हे सकाळ बघेल का." जावेनं रेडकू रेघेबाहेर ठेवलं आणि निघून गेली.

रेडकू उभं राहिलं, पडलं, परत उभं राहिलं. दारापाशी आलं. रेघेला जीभ लावली. पीठ होतं, चाटलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत चाटलं. रेघ संपली. रेडकू तिथंच बसलं.

मग येसू उठली. रेडकू उचललं, गोठ्यात गेली. रेडकू मोरीखाली लावलं, मोरीनं झिडकारलं. परत लावलं, परत झिडकारलं. मग येसूनं पेंढ्याचं रेडकू ओढलं, टाके तोडले, पेंढा उपसला. वहाणा सोडलेली बाई ती, तिनं ते कातडं दोन्ही हातांनी झटकलं आणि जित्या रेडकाच्या पाठीवर बांधलं. मोरीनं हुंगलं. थांबली. परत हुंगलं. मग पान्हा सोडला.

येसू खुंट्याशी बसून रडू लागली. बघते तर दारात तीच म्हातारी.

"का रडतेस?"

"चामड्याला शिवले. मुक्या जिवाला फसवलं. वसा मोडला."

"वसा कुणासाठी घेतलास?"

"रेडकासाठी."

"दूध कुणाच्या पोटात गेलं?"

"रेडकाच्या."

"मग मोडला कुठं? दूध सोडलंस ते बरं केलंस, सोडूनच राहा. उतली नाहीस, बाई, पण मातलीस. रेघ काढलीस रेडकासाठी आणि आत बसलीस एकटी. रोज काढ. कुणी चाटली, कुणी तुडवली, तर उद्या परत काढ." एवढं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली. ती पार्वती होती.

पुढं कातडं वाळून गळून पडलं. मोरीनं ते हुंगलं, बाजूला सारलं आणि रेडकाला चाटलं. तिला आधीच कळलं होतं की काय, कोण जाणे. सासू दोन सड रेडकाला सोडू लागली. येसूनं दूध घेतलं नाही ते नाहीच. पण जाऊ भाकरी आणि तेल-चटणी घेऊन तिच्या दारात येई, वहाणांसकट आत येई, दोघी जेवत.

जसं येसूच्या दारात कुणी आलं, तसं तुमच्याआमच्या दारात येवो. साठ उत्तरांची होती, मी पाचांत आवरली, सुफळ झाली, पुरी झाली. तांदूळ वाहा. आणि म्हैस व्याली की मला खरवस आणू नका. मागल्या साली नको म्हटलं, तर भर पंगतीत मला चळलेला म्हातारा म्हटलं गेलं. तुम्ही सगळ्या वाढत होतात, ऐकलंत. तेव्हापासून मी माझ्या खोलीत जेवतो. दार उघडंच असतं. माफी मागायला यायचा राहिलाय तो एकच, तसं म्हणणारा माझा पाठचा भाऊ, नारबा.